डांबर, चिखल आणि चर : शेतरस्त्यांवरची रॅली समजून घेताना

ऑगस्ट २०२२ मध्ये बेल्जियमच्या पश्चिम टोकाला, ईपर या शहराभोवती, जागतिक रॅली अजिंक्यपद मालिकेतील एक फेरी सुरू होती आणि शनिवारी तिच्यात थिएरी न्यूव्हिल हा बेल्जियन चालक आघाडीवर होता. आदल्या वर्षी त्याने हीच फेरी जिंकली होती, देश त्याचा होता आणि रस्त्यांचा स्वभावही त्याच्या अंगवळणी पडलेला होता. तरीही एका वळणावर त्याची गाडी घसरली, रस्त्यालगतच्या चरात जाऊन बसली आणि त्याची विजयाची संधी तिथेच संपली. एस्टोनियाचा ऑट टॅनाक पुढे ती फेरी जिंकला. या रस्त्यांवर धूळमाती नव्हती, बर्फ नव्हता, घाटातली दरी नव्हती. तो साधा, बहुतांशी सपाट मुलखातला, डांबरी किंवा काँक्रीटचा शेतरस्ता होता.

आपल्याकडे रॅली म्हटले की मातीचा रस्ता डोळ्यांपुढे येतो, आणि त्याला कारणही आहे, कारण भारतातील राष्ट्रीय रॅली स्पर्धा प्रामुख्याने मातीच्या आणि खडीच्या वाटांवर, उदाहरणार्थ चिकमगळूरच्या कॉफीच्या मळ्यांमध्ये, होत आल्या आहेत. त्या चित्राच्या तुलनेत डांबरी रस्त्यावरची रॅली सोपी वाटते. प्रत्यक्षात ती वेगळ्या प्रकारे अवघड असते. मातीच्या रस्त्यावर पकड सगळीकडेच कमी असते आणि चालक ते गृहीत धरूनच गाडी चालवतो. डांबरी रस्त्यावर मात्र एका वळणावर पकड भरपूर असते, पुढच्या वळणावर ती अर्ध्याहून कमी होते, आणि हा बदल बऱ्याचदा स्पर्धेतल्या गाड्यांनीच दहा मिनिटांपूर्वी घडवलेला असतो. ही रॅली समजून घ्यायची तर इंजिनाच्या ताकदीपेक्षा रस्त्याच्या या बदलत्या अवस्थेकडे आणि तिची माहिती चालकापर्यंत कशी पोहोचते याकडे पाहावे लागते.

स्पर्धेची रचना

रॅलीमध्ये गाड्या एकमेकींशेजारी धावत नाहीत. सार्वजनिक रस्त्यांचे काही तुकडे ठरावीक वेळेपुरते वाहतुकीसाठी बंद केले जातात आणि त्यांवर प्रत्येक गाडी एकटी, काही मिनिटांच्या अंतराने सोडली जाते. या तुकड्यांना स्पेशल स्टेज किंवा नुसते स्टेज म्हणतात. प्रत्येक स्टेजला लागलेला वेळ सेकंदाच्या दशांशापर्यंत मोजला जातो, तीन-चार दिवसांतील सर्व स्टेजच्या वेळांची बेरीज होते, आणि ज्याची बेरीज सर्वांत कमी तो विजेता ठरतो. २०२२ च्या ईपर रॅलीत २० स्टेज मिळून सुमारे २८० किलोमीटरचे अंतर होते आणि इतके सगळे पार केल्यावर टॅनाक व दुसऱ्या क्रमांकाचा वेल्श चालक एल्फिन एव्हन्स यांच्यात फक्त ५ सेकंदांचे अंतर उरले. म्हणजे किलोमीटरमागे दोन शतांश सेकंदही नाही.

एका स्टेजवरून दुसऱ्या स्टेजकडे जाण्याचा रस्ता मात्र बंद नसतो. तिथे याच गाड्या नंबर प्लेट लावून, दिवे लावून, सिग्नलला थांबून, भाजी आणायला निघालेल्या लोकांच्या मोटारींमधून जातात आणि वाहतुकीचे सर्व नियम त्यांना लागू असतात. हा भाग मोजणीत धरला जात नसला तरी त्याला वेळापत्रक असते. ठरलेल्या तपासणी चौकीवर उशिरा पोहोचले तर प्रत्येक मिनिटामागे १० सेकंदांचा दंड होतो आणि लवकर पोहोचले तर मिनिटामागे पूर्ण एक मिनिटाचा. वरच्या ५ सेकंदांशी तुलना केली तर एका मिनिटाचा उशीरही किती महाग पडू शकतो हे लक्षात येईल. या जोडरस्त्यांवर अनेकदा नाट्य घडते. २०२१ च्या क्रोएशिया रॅलीत, म्हणजे डांबरावरच्याच दुसऱ्या एका फेरीत, शेवटच्या दिवशी सकाळी स्टेजकडे जाताना सेबॅस्टियन ओजिए या फ्रेंच चालकाच्या गाडीची एका सामान्य नागरिकाच्या मोटारीशी टक्कर झाली. त्या प्रकरणात त्याला दंड झाला, स्थगित स्वरूपाची बंदीही सुनावली गेली, आणि तरीही ती फेरी त्याने एव्हन्सपेक्षा ०.६ सेकंदाने जिंकली.

ईपरभोवतीचा मुलूख

ईपरची रॅली १९६५ पासून होते आहे. तिला जागतिक मालिकेत २०२० साली स्थान मिळाले, पण त्या वर्षी महासाथीमुळे ती रद्द झाली आणि प्रत्यक्ष जागतिक फेरी २०२१ व २०२२ अशी दोनच वर्षे झाली. २०२१ मध्ये तर तिचा शेवटचा दिवस देशाच्या दुसऱ्या टोकाला, स्पा-फ्रँकोरशां या प्रसिद्ध शर्यतमार्गाच्या परिसरात ठेवला होता. एरवी ही रॅली युरोपीय आणि राष्ट्रीय पातळीवरील डांबरी रॅलींमधली मानाची स्पर्धा राहिली आहे. फ्रेडी लॉइक्स या बेल्जियन चालकाने ती तब्बल ११ वेळा जिंकली, यावरून इथे स्थानिक अनुभवाला केवढी किंमत आहे याची कल्पना येते.

केमेलबर्ग ही १५६ मीटर उंचीची टेकडी आणि तिच्या आसपासचे काही उंचवटे सोडले तर हा मुलूख जवळजवळ सपाट आहे. बटाटा, मका आणि बीट यांच्या शेतांमधून अरुंद रस्ते जातात. दोन मोटारी समोरासमोर आल्या तर एकीला साइडपट्टीवर उतरावे लागेल एवढीच त्यांची रुंदी. शेतांचे तुकडे चौकोनी असल्यामुळे रस्तेही लांब सरळ धावतात आणि मग एकदम काटकोनात वळतात. शेतातले पाणी निचरून जावे म्हणून दोन्ही बाजूंना खोल चर खणलेले असतात आणि ते बऱ्याचदा गवताने झाकलेले असल्यामुळे गाडीतून दिसतही नाहीत. शिवाय विजेचे खांब, कुंपणांचे खुंट, फार्महाउसच्या भिंती या सगळ्या गोष्टी रस्त्याला अगदी खेटून उभ्या असतात. रॅली जूनमध्ये झाली तर वळणापलीकडचे थोडेफार दिसते, पण जागतिक फेऱ्या ऑगस्टमध्ये झाल्या तेव्हा मका पुरुषभर वाढलेला होता आणि वळण कुठे संपते ते पिकाआड पूर्ण झाकले गेले होते.

इथली माती हा स्वतंत्र विषय आहे. भूगर्भशास्त्रात सुमारे ५.६ ते ४.८ कोटी वर्षांपूर्वीच्या कालखंडाला ईप्रेसियन असे नाव आहे, ते याच शहरावरून पडले, कारण त्या काळातले चिकणमातीचे थर या परिसरात ठळकपणे सापडतात. पहिल्या महायुद्धात सैनिकांना कंबरभर चिखलात उभे करणारी माती हीच. रॅलीतल्या एका स्टेजला होलेबेके या गावाचे नाव असते. त्याच गावापाशी ३१ ऑक्टोबर १९१४ रोजी १२९ व्या बलुची पलटणीचे शिपाई खुदादाद खान जखमी अवस्थेतही मशीनगन चालवत राहिले आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे पहिले भारतीय सैनिक ठरले. ईपरच्या मेनिन गेट या स्मारकावर त्या लढायांत बेपत्ता झालेल्या भारतीय सैनिकांचीही नावे कोरलेली आहेत. रॅलीच्या वार्तांकनात हा संदर्भ सहसा येत नाही, पण नकाशावर स्टेजची नावे वाचताना भारतीय वाचकाला तो टाळता येत नाही.

वळण कापणे आणि त्याचे परिणाम

वळणातून लवकर बाहेर पडायचे असेल तर त्याची वक्रता शक्य तेवढी कमी करावी लागते, म्हणजे गाडी बाहेरच्या कडेकडून आत आणून वळणाच्या पोटाला घासून पुन्हा बाहेर न्यावी लागते. शर्यतीच्या बंदिस्त मार्गावर आतली कड पक्की असते. शेतरस्त्यावर मात्र डांबर संपले की साइडपट्टीची माती सुरू होते. चालक आतली चाके या मातीवर उतरवतो, कारण त्यामुळे त्याचे काही दशांश सेकंद वाचतात. यालाच वळण कापणे म्हणतात. पहिली गाडी वळण कापते तेव्हा गवत उपटले जाते, दुसरी गाडी माती उकरते, पाचवीपर्यंत तिथे चाकोरी तयार होते आणि दहावीपर्यंत खालचे दगड उघडे पडतात. उकरलेली सगळी माती वळणाच्या बाहेर पडणाऱ्या भागावर पसरते, म्हणजे नेमकी तिथे, जिथे चालकाला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा असतो. ऊस वाहतुकीच्या दिवसांत सांगली-कोल्हापूरकडे ट्रॅक्टर शेतातून डांबरी रस्त्यावर येतो, चाकांची माती फाट्यावर सांडते आणि पावसाची एक सर पडली की तिथे दुचाकी हमखास घसरते, ही गोष्ट ज्याने पाहिली आहे त्याला ईपरचे वळण समजायला फार वेळ लागणार नाही.

हे किती महत्त्वाचे आहे ते एका ढोबळ हिशेबाने पाहता येईल. टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणाचा गुणांक कोरड्या, स्वच्छ डांबरावर १ आणि ओल्या चिखलाने माखलेल्या डांबरावर ०.४ आहे असे धरू. ४० मीटर त्रिज्येचे वळण कोरड्या रस्त्यावर ताशी साधारण ७१ किलोमीटर वेगाने घेता येते, तर चिखलात तोच वेग ताशी ४५ किलोमीटरवर येतो, कारण वळणातला कमाल वेग घर्षणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. आता गाडी त्या वळणाकडे ताशी १४४ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला ४० मीटर या वेगाने येत आहे असे समजा. वळणापूर्वीचा सरळ रस्ता कोरडा असेल तर ताशी ७१ किलोमीटरपर्यंत वेग उतरवायला सुमारे ६२ मीटर लागतात. वळणात चिखल आहे हे आधी माहीत असेल, तर त्याच कोरड्या रस्त्यावर ताशी ४५ किलोमीटरपर्यंत उतरायला सुमारे ७४ मीटर लागतात. फरक १२ मीटरच्या आतबाहेर, आणि त्या वेगात तेवढे अंतर कापायला लागतो जेमतेम तिसरा हिस्सा सेकंद.

याचा अर्थ असा की चिखलाच्या वळणावर गाडी रस्त्यावर ठेवण्यासाठी चालकाला ब्रेक फक्त एक तृतीयांश सेकंद आधी दाबायचा असतो. ते अजिबात अवघड नाही. अवघड आहे ते चिखल कुठे आहे हे वळण दिसण्यापूर्वी माहीत असणे. माहिती नसलेला चालक ताशी ७१ किलोमीटरच्या बेताने वळणात शिरतो, पुढची चाके वळवूनही गाडीचे तोंड वळत नाही, ती सरळच जात राहते आणि समोर चर असतो. मातीच्या रॅलीत अशा वेळी गाडी आडवी टाकून वेग मारता येतो, कारण सुटी खडी चाकांपुढे साचून तिला रोखते आणि रस्तेही बहुधा रुंद असतात. डांबरावर गाडी आडवी होणे म्हणजे एकतर वेळ गमावणे किंवा रस्ता सोडणे. म्हणूनच डांबरी रॅलीतले उत्तम चालक बघायला काहीसे नीरस वाटतात. गाडी रुळावरून गेल्यासारखी जाते, फक्त काटकोनी चौकात हँडब्रेक ओढून मागची बाजू फिरवतानाचा एक क्षण सोडला, तर डोळ्यांत भरेल असे काही घडत नाही. माझ्या मते मोटारखेळातील कौशल्य पाहायचे असेल तर हा नीरसपणाच पाहण्यासारखा आहे.

सहचालकाची वही

ही माहिती चालकापर्यंत पोहोचवण्याचे काम त्याच्या शेजारी बसलेला सहचालक करतो. रॅलीपूर्वी एक-दोन दिवस दोघांना साध्या मोटारीतून, ठरवून दिलेल्या मर्यादित वेगाने, प्रत्येक स्टेज दोन वेळा पाहण्याची परवानगी असते. पहिल्या खेपेला चालक रस्त्याचे वर्णन सांगत जातो आणि सहचालक ते लघुलिपीसारख्या खुणांनी वहीत उतरवतो, दुसऱ्या खेपेला ते पडताळून दुरुस्त करतात. या टिपणांना पेस नोट्स म्हणतात. वळणाची दिशा, त्याची तीव्रता दाखवणारा आकडा, पुढच्या खुणेपर्यंतचे मीटरमधले अंतर, उंचवटा, खड्डा, वळण पुढे आखडते की उघडते, आतून कापायचे की नाही, हे सारे त्यात येते. मराठीत ऐकवायचे झाले तर त्यातली एक ओळ काहीशी अशी होईल : "८०, उजवे ४ आखडून ३, कापू नको, आत खुंट, १२०, चौक डावा, बाहेर पडताना चिखल." बऱ्याच चालकांच्या पद्धतीत आकडा जितका मोठा तितके वळण सौम्य असते, पण प्रत्येक जोडीची भाषा थोडी वेगळी असते आणि एकाची वही दुसऱ्याला जशीच्या तशी वापरता येत नाही.

वाचण्याची वेळ हीदेखील कला आहे. फार आधी वाचले तर चालक विसरतो, उशिरा वाचले तर उपयोग नाही. सेकंदाला ४० मीटर जाणाऱ्या गाडीत, मान वहीत घालून, केवळ शरीराला जाणवणाऱ्या हेलकाव्यांवरून आपण कुठवर आलो हे ओळखत वाचत राहणे हे काम किती कठीण आहे याची दाद प्रेक्षकांकडून क्वचितच मिळते. न्यूव्हिल २०२१ मध्ये ईपरला जिंकला तेव्हा त्याच्या शेजारी मार्टाइन वेइडागे हा त्याचाच देशबांधव सहचालक होता, आणि बातम्यांच्या मथळ्यांत मात्र बहुतेकदा एकच नाव आले.

पेस नोट्सची मर्यादा उघड आहे. त्या लिहिल्या जातात तेव्हा रस्ता स्वच्छ असतो. म्हणून डांबरी रॅलींमध्ये आघाडीच्या संघांना आणखी एक सोय दिली जाते. अनुभवी चालक-सहचालकांची एक वेगळी जोडी, स्पर्धेतील गाड्या सुटण्याच्या बरीच आधी, त्याच स्टेजमधून साध्या मोटारीने जाते आणि कुठे ओल आहे, कुठे रात्री ट्रॅक्टरने माती आणली आहे, कुठे पालापाचोळा आहे, याच्या नोंदी करून मुख्य जोडीला कळवते. सहचालक त्या नोंदी स्वतःच्या वहीत बहुधा वेगळ्या रंगाने चढवतो. मात्र या जोडीलाही स्पर्धेतल्या पहिल्या पाच गाड्या उकरणार असलेला चिखल दिसू शकत नाही, कारण तो अजून तयारच झालेला नसतो. तिथे अंदाज बांधावा लागतो. कोणत्या वळणाची साइडपट्टी मऊ आहे, कोणत्या ठिकाणी सगळेच जण आत उतरणार, आपल्यापुढे किती गाड्या आहेत, या तीन गोष्टींवरून अजून न पडलेला चिखल आधीच वहीत लिहायचा, हे डांबरी रॅलीतले खरे मर्म आहे. स्थानिक चालकांना इथे फायदा मिळतो तो याच अंदाजात. कुठली साइडपट्टी फसवी आहे हे त्यांना वर्षानुवर्षांच्या अनुभवाने ठाऊक असते.

आधी जाणाऱ्याचा रस्ता

साहजिकच कोण कितव्या क्रमांकाने सुटतो याला डांबरावर मोठे महत्त्व येते, आणि गंमत अशी की मातीच्या रॅलीच्या तुलनेत इथले गणित बरोबर उलटे असते. मातीच्या रस्त्यावर पहिल्या गाडीला वरची सुटी खडी झाडून काढावी लागते, मागच्यांना खालचा घट्ट रस्ता मिळतो, त्यामुळे पहिला क्रमांक ही शिक्षा ठरते. डांबरावर पहिल्या गाडीला स्वच्छ रस्ता मिळतो आणि मागे जाल तसा चिखल वाढतो.

जागतिक मालिकेच्या नियमानुसार पहिल्या दिवशी मालिकेतील गुणांच्या क्रमाने, म्हणजे आघाडीवरचा सर्वांत आधी, अशा गाड्या सुटतात. पुढच्या दिवसांत अव्वल गटातल्या गाड्या त्या रॅलीतील स्थानाच्या उलट क्रमाने सोडल्या जातात, म्हणजे रॅलीत पहिला असलेला त्या गटात शेवटी निघतो. मातीवर हा नियम आघाडीवीराला उपकारक ठरतो, तर डांबरावर, विशेषतः पाऊस पडला की, त्याच्या वाट्याला सर्वांत घाण रस्ता येतो. सगळ्याच डांबरी रॅलींत याचा परिणाम सारखा नसतो. जिथे रस्त्याची कड दगडी किंवा पक्की आहे तिथे माती येतच नाही. ईपरसारख्या ठिकाणी, जिथे जवळपास प्रत्येक वळणाची आतली बाजू शेताची आहे, तिथे एका स्टेजमध्ये पहिल्या आणि दहाव्या गाडीला मिळणारे रस्ते हे जणू दोन वेगळे रस्ते असतात. शिवाय बहुतेक स्टेज दिवसातून दोनदा होते, आणि दुसऱ्या खेपेपर्यंत मागच्या छोट्या गटांतल्या डझनावारी गाड्यांनीही ती वळणे कापलेली असतात.

आयोजक यावर उपाय करतात. वळणाच्या पोटाशी खुंट, काँक्रीटचे ठोकळे किंवा गवताचे मोठे भारे ठेवले की तिथे कापणे शक्य राहत नाही आणि रस्ता स्वच्छ राहतो. मात्र त्यांची जागा काळजीपूर्वक ठरवावी लागते, कारण चुकीच्या ठिकाणचा ठोकळा चाक मोडतो आणि गाडी अनपेक्षित दिशेला भिरकावतो. लांब सरळ रस्त्यांवर वेग आवरावा म्हणूनही भाऱ्यांची नागमोडी आडकाठी उभी करतात.

गाडीत काय बदलते

डांबरासाठी गाडीची उंची कमी केली जाते आणि सस्पेन्शन कडक होते. मातीच्या रॅलीत १५ इंची चाके असतात, डांबरावर १८ इंची, आणि मोठ्या चाकात मोठ्या ब्रेक-तबकड्या मावतात. अव्वल गटात मातीवर ३०० मिलिमीटरच्या तबकड्या वापरतात, तर डांबरावर ३७० मिलिमीटरच्या. इंजिन तेच असते. २०२२ ते २०२४ या काळात अव्वल गटाच्या गाड्यांत १.६ लिटरच्या टर्बो इंजिनाला १०० किलोवॉटच्या विद्युत मोटारीची जोड होती, ती २०२५ पासून काढून टाकली गेली.

टायरची निवड मात्र खरी डोकेदुखी असते. कोरड्या डांबरासाठी कडक व मऊ असे दोन प्रकार आणि पावसासाठी खोल खाचांचा एक, अशी साधारण विभागणी असते. सर्व्हिस पार्कमधून, म्हणजे गाड्यांची देखभाल-दुरुस्ती होते त्या तळावरून, निघताना जे टायर घेतले त्यांवरच पुढच्या दोन-तीन स्टेज पार पाडाव्या लागतात. मध्ये कुठेही संघाच्या मेकॅनिकला हात लावता येत नाही आणि गाडीत ठेवलेली एक किंवा दोन जादा चाके एवढाच पर्याय उरतो. ऊन पडलेले असताना पावसाचे टायर घेतले तर ते तापून झिजतात. पाऊस पडत असताना कडक टायर घेतले तर ते तापतच नाहीत आणि न तापलेला टायर पकड देत नाही. ईपर ज्या भागात आहे त्या फ्लँडर्सचे हवामान तासातासाला बदलते, त्यामुळे संघ आपली माणसे स्टेजच्या बाजूला उभी करून आभाळाची खबर घेत असतात. एवढे करूनही पुष्कळदा निर्णय चुकतो, आणि तो चुकला तर एका फेरीत अर्धा मिनिट सहज जातो.

बंद रस्ता म्हणजे काय

शेतरस्त्यांवरच्या रॅलीचा सर्वांत नाजूक भाग म्हणजे ते रस्ते कुणाच्या तरी रोजच्या वापराचे असतात. स्टेज सुरू असताना तिथल्या घरांतल्या लोकांना मोटार बाहेर काढता येत नाही, शेतकऱ्याला ट्रॅक्टर नेता येत नाही, दूध नेणाऱ्या गाडीची वेळ बदलावी लागते. त्यामुळे आयोजकांना महिनोन् महिने आधी ग्रामपातळीवरील प्रशासनाची परवानगी घ्यावी लागते आणि घरोघरी सूचना पोहोचवावी लागते. स्पर्धेच्या आधी सुरक्षा अधिकाऱ्यांच्या गाड्या एकामागून एक मार्ग तपासत जातात. शून्य क्रमांकाची गाडी शेवटी जाते, आणि तिच्यानंतर रस्त्यावर कुणीही असता कामा नये. स्पर्धकांच्या गाड्यांचा मागोवा उपग्रहाद्वारे घेतला जातो. गाडी थांबली तर सहचालकाने ठरावीक मुदतीत सुखरूप असल्याचा किंवा मदत हवी असल्याचा संकेत द्यावा लागतो.

हे नियम रक्ताने लिहिले गेले आहेत. २ मे १९८६ रोजी कोर्सिका बेटावरील डांबरी रॅलीत हेन्री टोइव्होनेन आणि त्याचा सहचालक सर्जिओ क्रेस्टो यांची गाडी रस्ता सोडून खाली कोसळली, पेटली आणि दोघेही दगावले. त्यानंतर ग्रुप बी या अतिशक्तिशाली गाड्यांच्या गटाला त्या वर्षअखेर निरोप देण्यात आला. त्याच वर्षी काही आठवड्यांपूर्वी पोर्तुगालमध्ये डांबरी स्टेजवर एक गाडी रस्त्यावर उभ्या असलेल्या गर्दीत घुसली होती आणि प्रेक्षक मृत्युमुखी पडले होते. अलीकडचे उदाहरण म्हणजे क्रेग ब्रीन. २०२१ मध्ये ईपरला दुसरा आलेला हा आयरिश चालक एप्रिल २०२३ मध्ये क्रोएशिया रॅलीपूर्वीच्या सरावात गाडी रस्ता सोडून कुंपणाच्या खांबावर आदळल्याने मरण पावला. वेग फार मोठा नव्हता, पण शेतरस्त्यालगतचा खांब किती घातक ठरतो हे त्या अपघाताने दाखवून दिले.

रस्ता खरोखर बंद ठेवणे हे आपल्याकडे तर अधिकच अवघड आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये राजस्थानात बाडमेर जिल्ह्यात राष्ट्रीय रॅलीच्या वेळी स्टेजवर आलेल्या एका मोटारसायकलला स्पर्धेतील गाडीची धडक बसून एकाच कुटुंबातील तिघांचा मृत्यू झाला. भारतात डांबरी ग्रामीण रस्त्यांवर मोठ्या रॅली घ्याव्यात असे अधूनमधून बोलले जाते. सह्याद्रीच्या पायथ्याचे रस्ते त्याला शोभतीलही. पण आपल्या गावरस्त्याला प्रत्येक शेताकडून एक पायवाट येऊन मिळते आणि प्रत्येक पायवाटेवर एक माणूस उभा करावा लागतो. मका, बांध आणि जोडवाटा यांनी भरलेल्या एका १५ किलोमीटरच्या स्टेजला अशी किती माणसे लागतील, त्यांना प्रशिक्षण कोण देणार आणि गावकरी त्यांचे ऐकणार का, याचा हिशेब झाल्याशिवाय गाड्यांची चर्चा करण्यात अर्थ नाही.